देवांतला भुंगा

वहिनी माझ्यापेक्षा सरस स्वयंपाक करते याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तिचे दाट केस, तिचा गोड गळा, तिच्या दोन्ही मुलांचं वेळच्या वेळी मार्गी लागणं, सगळं मी मोठ्या मनानं सोडून दिलं. पण तिच्या देवघरात, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या मधे, अंगठ्याच्या पेराएवढा जो हिरवट दगडी भुंगा बसलेला असायचा, त्याच्यावरून मी तिच्यावर वर्षानुवर्षं जळले. कल्याणला दादाकडे जायचं म्हटलं की सकाळपासूनच माझ्या पोटात दुखायला लागायचं.

भुंगा माझ्या आजोबांचा. ते फौजेत होते, मोठ्या लढाईत इजिप्तला गेले आणि परत येताना रुमालाच्या गाठीत हा बांधून घेऊन आले. कुणी दिला, कसा मिळाला, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. "तिकडं ह्याला देवाचं मानत होते," एवढंच म्हणायचे, म्हणून तो आमच्याकडे देवांत बसला. लहानपणी देव पुसायचं काम माझ्याकडे होतं. भुंगा मी मुद्दाम शेवटी घ्यायची, कारण त्याच्या पोटावर बारीक चित्रं कोरलेली होती. एक पक्षी, एक सूर्यासारखं वर्तुळ, आणि आणखी एक काहीतरी, जे मला नेहमी झाऱ्यासारखं दिसायचं. आई हाक मारायची, "अगं, देव आहे तो, खेळणं नाही!"

आई गेल्यावर देव दादाकडे गेले. देव थोरल्या मुलाकडेच जातात, त्यात विचारायचं काय? मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीनं देवांत वाटा मागितल्याचं कुणी ऐकलंय का?

मग मी ठाण्याला माझा स्वतःचा संसार मांडला, काचेच्या कपाटात. मुंबईतल्या एका म्हाताऱ्या संग्राहकानं आपला पसारा आवरताना मला इजिप्तच्या निळ्या मण्यांची एक माळ, डोळ्याच्या आकाराचा एक ताईत आणि डोकं नसलेली बोटभर मांजर दिली. त्या तीन वस्तू अस्सल. बाकी सगळ्या कैरोच्या सहलीत घेतलेल्या नकला. आमचे हे पाहुण्यांना सांगायचे, "आमच्याकडे आधी म्युझियम बघायचं, मग चहा." मी रात्रंदिवस वाचलं, चित्रं ताडून पाहिली, मण्यांवरची झिलई कशी चढवत ते शिकले. जितकं जास्त कळत गेलं तितकी मी जास्त जळत गेले. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी आमच्या घराण्याची वाटणी झाली होती.

गेल्या वर्षी एका रविवारी मी कल्याणला गेले, तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात पाट टाकून सगळे देव चिंचेनं घासत होती. पितळ्या, तांब्या, घंटा, आणि त्याच चिंचेच्या चोथ्यात भुंगा. हजारो वर्षांची हिरवी झिलई! पंखांवरून ती केव्हाच उडाली होती, आता फक्त खाचांमधे कुठेकुठे उरली होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वहिनीनं हसून वर पाहिलं. "वन्सं, तुमच्या कपाटात असतात तसलाच ना हो हा? काय करत असतील बाई तिकडची माणसं ह्याचं?"

मला उत्तर ठाऊक होतं. एवढासा भुंगा तिकडचे जिवंत, हसते-खेळते लोक ताईत म्हणून अंगावर घालायचे. उगवत्या सूर्याचं रूप मानायचे त्याला. मेलेल्या माणसाच्या छातीवर ठेवायचे ते भुंगे चांगले तळहाताएवढे असतात आणि त्यांच्या पोटावर ओळीच्या ओळी मजकूर असतो. हे सगळं मला तोंडपाठ असताना मी म्हणाले, "मढ्याच्या छातीवर ठेवायचे गं, वहिनी. मढं गुंडाळतात ना, त्याच्या आत."

तिचा हात थांबला. "अगं बाई. आणि आपण त्याला रोज नैवेद्य दाखवतोय!"

"देवांत ठेवू नये खरं तर," मी म्हणाले. "मला काय, असल्या वस्तूंची सवय आहे."

यापुढे बोलायची गरज नव्हती. घरी आल्यावर मी कपाटाचा वरचा खण रिकामा केला, मांजर खाली ढकलली आणि बांगड्यांच्या जुन्या डब्यातली लाल मखमल कापून तिथे बसवली. आठ दिवस मी फोनची वाट पाहिली. नवव्या दिवशी वहिनीनंच जेवायला बोलावलं. मुलानं गाडी काढली, शीळफाट्याला आम्ही पाऊण तास अडकलो, आणि एरवी रस्त्यावर चिडणारी मी त्या दिवशी गुणगुणत बसले होते.

जेवणं झाली. निघताना वहिनीनं माझ्या हातात एक लहानसा स्टीलचा डबा ठेवला. झाकण उघडलं तर बेसनाचे लाडू.

मी देवघराकडे पाहिलं. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा जवळजवळ सरकून बसले होते.

"भुंगा कुठाय?" मी विचारलं.

"दुर्गाडीच्या खाडीत," दादा सुपारी कातरत म्हणाला. "शनिवारी सोडून आलो. हिला झोप येईना."

आमच्यात असंच करतात. देवांतून उठवलेली वस्तू कुणाला देत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. बाळकृष्णाचा हात मोडला तेव्हा आईबरोबर नदीवर मीच तर गेले होते. इजिप्तबद्दल एवढं वाचलं आणि स्वतःच्या घरची रीत मात्र विसरले.

वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. "खरं सांगू वन्सं, आधी तुम्हालाच द्यायचं मनात आलेलं. तुमचा जीव होता त्याच्यावर, मला काय दिसत नव्हतं? तुम्ही आलात की तुमची नजर आधी देवघरात जायची. पण म्हटलं, जे माझ्या घरात नको ते तुमच्या घरात कसं ढकलू? तुमच्याकडे नात तान्ही आहे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तसाच नाही हं पाठवला. दहीभाताचा नैवेद्य दाखवला. आजोबांचा होता."

खरं सांगायचंच असतं तर तिथल्या तिथे सांगता आलं असतं.

"चूक तर नाही ना झाली माझी?" तिनं विचारलं. "तुम्हाला त्यातलं कळतं, म्हणून विचारते."

"नाही गं वहिनी," मी म्हणाले, "बरोबर केलंस."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला, आणि तिनं डब्यात आणखी दोन लाडू घातले.