उन्हातलं ट्रम्पेट

खोबरेल थिजावं एवढी थंडी आमच्या रत्नागिरीत वर्षातल्या मोजक्याच सकाळी पडते. अशाच एका सकाळी मी तेलाची बाटली खिडकीत उन्हाला ठेवत होते आणि शाळेचा शिपाई अंगणात सायकल टेकवून उभा राहिला. "बाई, ब्रदर गेले," एवढंच म्हणाला. मी बाटली नीट उन्हात सरकवली, झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं आणि मगच पायरीवर बसले. माणूस गेल्याचं कळल्यावरही हात आपली कामं पुरी का करतात, देव जाणे... त्याला आता काही आठवडे झाले.

ब्रदर इनास मिशनच्या मुलांच्या शाळेत बँड शिकवायचे. मूळचे वसईचे. पाद्री नव्हेत, पण व्रत घेऊन उभा जन्म संस्थेला दिलेले. झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि बोटांना कायम आमसुलाचा वास, कारण पितळेची वाद्यं ते आमसुलानेच घासत. या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे मराठी शिकवायला लागले, तेव्हा त्या शाळेत बाईमाणूस म्हणजे एक भिंतीवरची मारियामाता आणि दुसरी मी. पहिल्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत शिरले, तर सगळे मास्तर उठून उभे राहिले आणि कुणी परत बसेचना. ब्रदरनी दारातून डोकावून म्हटलं, "बाई, तुम्ही आधी बसा. नाहीतर ही मंडळी घंटा होईपर्यंत अशीच उभी राहतील." तेव्हापासून त्या शाळेत मला परकं असं कधी वाटलं नाही. श्रेय ब्रदरचं.

बँड शाळेइतकाच जुना. शाळा काढणाऱ्या परदेशी मिशनऱ्यांनी वाद्यं आगबोटीतून आणली होती. पुढे शाळेत कौलांच्या जागी स्लॅब आला, परदेशी फादर जाऊन आपल्याकडचे आले, पण वाद्यं तीच राहिली. खाऱ्या हवेने ती हिरवी पडत आणि ब्रदर ती पुन्हा पिवळी करत. हा खेळ जन्मभर चालला. मुंबईच्या मोठ्या फादरना मात्र तो खुळेपणा वाटे. वाद्यं इथे कुजतायत, मुलं धड वाजवत नाहीत, त्यापेक्षा ती आमच्या मुंबईच्या शाळेत न्यावीत, असं त्यांनी ठरवत आणलं होतं. स्नेहसंमेलनाला ते स्वतः येऊन, ऐकून, काय ते सांगणार होते. बँड गेला की ब्रदरचं इथलं काम संपलं. मग त्यांना संस्थेच्या वृद्धाश्रमात पाठवणार, हे कुणी बोलून दाखवत नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं. ब्रदर मला एवढंच म्हणाले होते, "बाई, मला तिकडे झोप नाय लागायची. समुद्राचा आवाज नाय तिकडे."

ट्रम्पेटच्या बटणांना घालायचं पातळ तेल मुंबईहून यायचं. ते नेमकं संपलं. मागितलं, तर आता कशाला, असं उत्तर आलं. मग ब्रदरनी आपल्या डोक्याने काम केलं. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातलं खोबरेल घेतलं आणि संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी एकेका बटणात प्रेमाने सोडलं. वाजवून पाहिलं, बटणं लोण्यासारखी चालली. पोरं खूश, ब्रदर त्याहून खूश.

सकाळी मांडवात पाहुणे बसले. गावोगावच्या आया नेसून-सवरून आल्या होत्या. बाप बहुतेक मुंबईला नाहीतर जहाजावर. बँडची मुलं उभी राहिली आणि मंडणगडकडचा एक उंच पोरगा ब्रदरच्या कानाशी पुटपुटला, "ब्रदर, बटनां दबत नायत. त्याल थिजलाय." मी शेजारीच होते. ब्रदरचा चेहरा असा पडला की मला बघवेना. अख्ख्या कोकणात पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट, की थंडीत खोबरेल थिजतं... तीच ते मायेच्या भरात विसरले होते.

आमचे मुख्याध्यापक फादर मात्र हुशार. "आधी भाषण, मग बँड," त्यांनी जाहीर केलं आणि मला हळूच म्हणाले, "बाई, उभ्या राहा. ऊन चढेपर्यंत बोला." कशावर, ते सांगितलं नाही. मी शाळेच्या इतिहासाला हात घातला. पहिल्या फादरनी मराठी एका होडीवरच्या तांडेलाकडून शिकून घेतली, म्हणून त्यांच्या प्रवचनात असे काही शब्द येत की बायका कानांवर पदर घेत. आगबोटीतून पडावात उतरवताना मोठा ढोल पाण्यात पडला आणि मच्छीमारांनी जाळं टाकून तो ओढून काढला. पहिला वर्ग माडाखालच्या झापांच्या मांडवात भरला आणि भातलावणीच्या दिवसांत तोही ओस पडला... ऐकीव होतं ते सगळं सांगितलं, थोडं माझ्या पदरचंही घातलं. बोलता बोलता पाहिलं, तर मांडवाबाहेरच्या चिऱ्याच्या गडग्यावर, त्या कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर, मुलं ओळीने उन्हात बसलेली, प्रत्येकाच्या मांडीवर वाद्य, आणि ब्रदर एकेक ट्रम्पेट हातात घेऊन तळव्याने चोळतायत, गारठलेल्या पोराचे पाय चोळावेत तसे.  मी बोलत राहिले. मुंबईचे फादर माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांचंही लक्ष गडग्याकडेच होतं.

शेवटी ब्रदरनी मान डोलावली, मी खाली बसले आणि बँड वाजला. फार सुरेख वाजला असं म्हटलं तर ब्रदरच वरून हसतील. पण वाजला. कार्यक्रमानंतर मुंबईच्या फादरनी एक ट्रम्पेट हातात घेतलं. ते अजून ऊनऊन होतं. ते ब्रदरना म्हणाले, "इनास, हे तिकडे नेऊन मी काय करू? आमच्याकडे उन्हाला ठेवायला जागा कुठे आहे?" ब्रदरनी झग्याच्या बाहीने नुसतं तोंड पुसलं. पंधरवड्यात मुंबईहून तेलाचा डबा आला.

ब्रदर इथेच राहिले. बँडच्या खोलीलगतच्या खोलीत राहिले आणि तिथेच, समुद्राच्या आवाजात गेले. तेल आता वेळेवर येतं, पण थंडीत वाद्यं गडग्यावर मांडायची रीत मुलांनी सोडली नाही. ब्रदरनीही ती सोडायला लावली नाही. गडग्याच्या टोकाला, ऊन आधी पोहोचतं तिथे, ते स्वतःचं ट्रम्पेट ठेवायचे. शेवटी शेवटी फुंकायला दम उरला नव्हता, तरी ठेवायचे.

परवा सकाळी तालमीच्या वेळी मी शाळेत गेले. पोरकं वाटत होतं, म्हणूनच गेले खरं तर. वाद्यं उन्हात मांडलेली होती आणि टोकाला, त्याच जागी, ब्रदरचं ट्रम्पेट. "हे कुणी ठेवलं रे?" मी विचारलं. पोरं एकमेकांकडे बघत राहिली, कुणी कबूल होईना. मी हात लावला. ऊनऊन होतं. एक बटण दाबून पाहिलं... अलगद खाली गेलं आणि वर आलं.