नावेशी बोलणारे भासरे

आमच्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावांनी, मला नाव चालवायला शिकवली ती माझ्याशी एक शब्दही न बोलता. आमच्या घरी भासऱ्यांनी धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलायची रीत नाही. मी डोक्यावर पदर घेऊन नावेत, ते काठावर, आणि सगळी शिकवणी नावेला. नवख्या माणसाला वाटावं, हे गृहस्थ कामातून गेले.

मोर्शीकडच्या धरणात पाणी अडलं आणि आमची संत्र्याची बाग पलीकडे राहिली. नवरा गेल्यावर नातेवाईक म्हणाले, विकून टाक, रोज पाण्यापलीकडे कोण जाईल? पण त्यातलं एकेक झाड नवऱ्याने लावलेलं. मला ती सोडवेना. भासऱ्यांनी जाऊबाईंना एवढंच सांगितलं, "तिले म्हना, बाग इकू नको. नाव शिकून घे."

संत्र्यांच्या पहिल्या तोड्याच्या दिवशीच वारा सुटला. व्यापारी पलीकडे येणार होता. मी पोचले नाही तर तो परत जाणार आणि नातेवाइकांचं खरं ठरणार. घाटावर नावा अंगाला अंग लावून उभ्या, तोंडं काठाकडे. मी घाईघाईने सगळे दोर सोडले आणि इंजिन लावून मागे सरकले. वाऱ्याने नावेचं तोंड फिरवलं आणि ती थेट शेजारच्या भोयाच्या नावेवर आदळली. तो ओरडला. मला रडूच फुटलं.

भासऱ्यांनी नाव ओढून जागेवर आणली आणि तिला थोपटत म्हणाले, "कावून वं बाई, सारे दोर एकदम सोडून राहिली? वारा कोनीकडून येऊन राहिला ते पाह्य. त्या अंगच्या खुट्याले एक दोर वेढ, दोनी टोकं हातात ठेव. ढील देत देत मांगं सर. मोकळ्या पान्यात गेली का एक टोक सोडून दे."

"भाऊ, नावेले हात कुठी हायेत?" भोई हसला.

"तू गप बस. तिले समजते."

समजलं. दोराने तोंड धरून ठेवलं, नाव दोन्हीकडे न घासता मागे आली. मोकळ्या पाण्यात मी एक टोक सोडलं आणि दोर खुंट्यावरून सर्रकन निघाला. पलीकडे व्यापारी बांधावर बिडी ओढत बसला होता.

संध्याकाळी परतले तर भासरे घाटावरच. नावेला म्हणाले, "जेवली का नाई?" आणि उत्तर न ऐकता चालू लागले.

यंदा दिवाळीनंतर ते अकोल्याच्या दवाखान्यात होते. जाऊबाई चहा आणायला गेल्या आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मग खाटेच्या कठड्याला म्हणाले, "बाग कशी हाय?"

मीही कठड्यालाच सांगितलं, "आंबिया बहाराची संत्री लय गोड झाली हायेत. चाखाले या."

"येतो," ते म्हणाले.

ती संत्री मी त्यांच्या तेरवीला वाढली.