खाडीकडची खिडकी

कोपरीच्या रंगूबाईला साहेबाची भीती नव्हती, भुताखेताची नव्हती, नवऱ्याची तर कधीच नव्हती. ती भ्यायची फक्त खाडीवरच्या वाऱ्याला. तीस वर्षं ती सुईणपण करत होती, अर्धं गाव तिच्या हातांवर जगात आलेलं. बाळंतिणीच्या खोलीत शिरली की आधी खाडीकडची खिडकी लावायची, फटींत चिंध्या कोंबायच्या, मग बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि तिच्यावर ओवा नि लसणाच्या साली. त्या धुरीत बायका डोळे पुसत बसायच्या, पण हूं की चूं करायची कुणाची टाप नव्हती.

पावसाळ्यात झालेली पोरं बहुतेक जगत. मार्गशीर्ष-पौषात झालेलं पोर मात्र आठवडाभरात धापा टाकू लागे, निळं पडे, आणि एखाद्या सकाळी आईच्या कुशीत गार होऊन सापडे. थंडीतलं खाडीचं वारं बाळाच्या छातीत बसतं, असं रंगूबाईने ठरवून टाकलं होतं. ठरवलं म्हणजे ठरवलं.

खरं तर गावाची ठेवणच अशी की हवेला थंडीत जायला वाट नाही. पलीकडे पारसिकचा डोंगर, मागे येऊरचा, मधे खाडी. पौषातल्या सकाळी वारा पडतो आणि हवा डबक्यातल्या पाण्यासारखी साचून राहते. काठावरच्या चुन्याच्या भट्ट्या पावसाळाभर थंड असतात. दिवाळी सरली की त्या पेटतात, शिंपले भाजले जातात, आणि त्यांचा धूर वर न जाता घरांवर उतरतो, कौलांतून आत झिरपतो. दुपारी समुद्राकडून खाडीवाटे खारा वारा सुटला की तासाभरात आभाळ निवळतं. रंगूबाईचा मुलगा धाकू भट्टीवरच कामाला होता, त्याला हे रोज दिसायचं. पण भट्टीवरचं शहाणपण बाळंतिणीच्या खोलीत कोण विचारतो?

त्या पौषात धाकूच्या बायकोला, कलावतीला, मुलगी झाली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि हे पहिलंच. बाळंतपण पौषात येणार हे कळल्यापासून रंगूबाई दिवस मोजत होती. तिने खिडकीत दुप्पट चिंध्या कोंबल्या आणि दारालाही गोणपाट लावलं.

सातव्या दिवशी सकाळी पोरीचा श्वास वाजायला लागला. हा आवाज रंगूबाईच्या चांगला ओळखीचा होता. तिने धुरी वाढवली. पोरीची छाती भात्यासारखी खालीवर होऊ लागली. तिने आणखी ओवा टाकला, शेगडी आणखी जवळ ओढली, देवीला साडी-चोळी बोलली. दुपार कलली तोवर पोरीचे ओठ जांभळे झाले होते आणि रडण्याचा आवाज बंद झाला होता. रंगूबाईला पुढचं सगळं पाठ होतं. आता फार तर तासाभराचा खेळ.

कलावती बाजेवरून जेमतेम उठली आणि म्हणाली, "आये, मना पन श्वास नाय मिलत."

तीस वर्षांत असं कुठली बाळंतीण बोलली नव्हती, किंवा बोलली असेल तर रंगूबाईने ऐकलं नव्हतं. तिला वाटलं, दोघीही जाणार. काही सुचेना. सगळे उपाय करून झाले होते, आणि न केलेली एकच गोष्ट उरली होती. तिने चिंध्या ओढून काढल्या. आपण नातीचा जीव घेतोय अशीच तिची खात्री होती. डोळे मिटून तिने खिडकी ढकलली.

खारा वारा सुटलेला होता. तो आत शिरला आणि गोणपाट फडफडलं. खोलीत इतका धूर कोंडला होता हे तो बाहेर पडू लागला तेव्हा कळलं. रंगूबाईने शेगडी उचलून अंगणात ओतली आणि पोरीला खिडकीपाशी धरून उभी राहिली. पोरगी खोकली. मग जरा थांबली, त्या थांबण्यात रंगूबाई अर्धी मेली. मग तिने भोकाड पसरलं आणि ओठांचा जांभळा रंग हळूहळू उतरला.

कलावती रडत होती, हसतही होती. रंगूबाईला मात्र घाम फुटला होता. भीती गेली नव्हती, तिने फक्त तोंड फिरवलं होतं. मार्गशीर्षातली, पौषातली एकेक खोली तिला आठवू लागली. प्रत्येक खोलीची खिडकी तिने स्वतः लावलेली होती.

दिवे लागायच्या आधी शेजारची मालन मेथीचे लाडू घेऊन आली. गेल्या थंडीत तिचा मुलगा रंगूबाईच्याच हातांत गेला होता. पोरीला पाहून तिने कानशिलांवर बोटं मोडली, आणि मग तिची नजर वर गेली.

"काकी, खिरकी उघरी कशी?"

आज उकडत होतं, असं म्हणून सुटता आलं असतं. मालनने ते मानलंही असतं. रंगूबाईने पोरीला कलावतीजवळ दिलं आणि पहिल्यांदाच कुणाच्या तरी डोळ्यांत पाहायला ती घाबरली.

"तुजे येलेला मीच लावलेली," ती म्हणाली. "तुजा पोर वाऱ्यानं नाय गेला, मालन."

मालनने लाडवांचं ताट खाली ठेवलं आणि खिडकीच्या फटीत उरलेली एक चिंधी ओढून काढली.