सतराव्या चित्रातला अर्धा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही — आणि तिला तर मी पेरुंगुडीच्या बसमध्ये शेजारी कोण बसलं होतं तेही सांगते.

कसं सांगू? आधी चांगलं सांगते. चुंबकीय क्षेत्रात एखादा कण किती वेगाने गिरकी घेईल, हे आम्ही दशांशचिन्हापुढे जमेल तितकं लांब काढतो. त्यासाठी चित्रं काढायची — कण वाटेत काही सोडतो, परत गिळतो, एक वळसा तयार होतो. त्या वळशांच्या गणितात अनंत येतं. मग सगळी चित्रं मिळवली की अनंत अनंताला कापून टाकतं, आणि हातात साधा आकडा उरतो! पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी नाचले. दार लावून, अर्थात.

या कामाची एक रीत आहे. तेच गणित दोघांनी करायचं, एकमेकांचं न बघता. शेवटचा आकडा तेवढा ताडायचा. जुळला नाही तर आपापलं पुन्हा तपासायचं. माझ्या जोडीला सेल्वी अक्का, मला दोन वर्षं सीनियर. तिचा प्रबंध या आकड्यावर अडला होता.

महिनाभर जुळेना. चौथ्या अंकात फरक. मी शोधत होते — खरंच शोधत होते का? एका दुपारी अक्का कॉफीला गेली, आणि तिची वही उघडी — नाही. उघडी नव्हती. मी उघडली. सतराव्या चित्रात दोन सारख्या कणांची अदलाबदल केली तरी चित्र तेच राहतं, म्हणून उत्तर निम्मं धरायचं. तिने धरलं होतं. मी नव्हतं. वही मिटली, आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये अर्ध्याने गुणलं.

संध्याकाळी अक्का ओरडली, "एय्, मॅच आयिडुच्चु डी!" जुळलं! तिने मला गच्च मिठी मारली. आमच्या गाइड सरांनी कँटीनमधून केसरी मागवली — आपला शिराच, पण भगवा. मी दोन प्लेट खाल्ल्या.

आमच्या रिसर्च पेपरात एक ओळ आहे: दोन स्वतंत्र गणितांचं उत्तर एकच आलं. ती मी टाइप केली.

अर्धा बरोबरच होता, हो. पण त्या दुपारी मला ते कुठे माहीत होतं? तिचं चुकलं असतं तर मीही तेच चुकले असते — आणि ते पकडायलाच तर मला बसवलं होतं.

परवा अक्काने प्रबंधाची प्रत दिली. आभारात लिहिलंय, हिने माझं एक पानही न बघता तेच उत्तर काढलं, म्हणून मी निर्धास्त झाले. मी वाचलं. "थँक्स, अक्का," म्हणाले. आणि लाज वाटायच्या आधी मला आनंद झाला — खूप.