पहिला गिलास

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाला मोहाची दारू माझ्या जोडीदाराकडून आली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. जोडीदार म्हणजे लहानपणापासूनचा. आम्ही एकाच तळ्यात पोहायला शिकलो, एकाच मास्तरांचा मार खाल्ला. अड्याळच्या आसपास भट्टी लावावी तर त्यानेच, असं मीच गावभर सांगत फिरत असे.

आमच्याकडे रीत अशी, की ज्याने दारू गाळली त्याने पहिला गिलास सगळ्यांसमोर घ्यायचा. मग बाकीच्यांनी. मांडवात मी गिलास पुढे केला, तर त्याने हात जोडले.

"आज मंगळवार हाय. मले उपास हाय."

मी हसलो, त्याची पाठ थोपटली आणि तोच गिलास मामाला दिला. ती चूक माझी.

मामा तीन दिवस साकोलीच्या दवाखान्यात ओकत होता. आणखी चार-पाच जणांच्या पोटात आग पडली. पाहुण्यांत बोभाटा झाला, की मी घाणेरड्या डब्यात दारू ठेवली. मामी माझ्याशी बोलेना. उरलेल्या दारूचा डबा उघडून मी वास घेतला. वरवर मोहाचा गोडसर वास, पण लगेच नाक झोंबलं. नवसागर! मोह कमी पडला म्हणून गुळात नवसागर घालून कडक केलेली. तरीही माझा विश्वास बसेना. म्हटलं, भट्टीवर दुसऱ्याच कोणी हात चालवला असेल, याला ठाऊक नसेल.

पंच बसले. माल बरा की वाईट, हे ठरवायची गावची एकच परीक्षा: दगडावर थोडी ओतायची आणि काडी लावायची. जोडीदाराने काडेपेटी घरूनच आणली होती. निळा जाळ उठला.

"जळली ना? मंग माल चांगला हाय," म्हातारा पंच म्हणाला. "आता कायले भांडून राहिला?"

"जळते म्हणून चांगली काहून?" मी ओरडलो. "रॉकेल बी जळते! पेता का?"

लोक हसले. मला मात्र रडू येत होतं. त्याच डब्यातून गिलास भरून मी जोडीदारापुढे धरला.

"आज तं शुक्रवार हाय. घे."

तो माझ्याकडे बघेना. पिण्याआधी पितरांच्या नावाने जमिनीवर दोन थेंब सोडतात, तसे त्याने सोडले आणि पुढे थांबलाच नाही. सगळा गिलास मातीत गेला. रिकामा गिलास त्याने कपाळाला लावला. पंच खूश झाले. पितरांना सगळीच दिली, माणूस सच्चा आहे, म्हणाले. दोष माझ्या डब्यावर आला.

म्हणजे मंगळवारीही त्याला ठाऊक होतं. गिलास मामाच्या हातात जाताना तो शेजारी उभा राहून बघत होता.

त्याचे आणि माझे पितर एकाच तळ्याच्या पाळीवर जाळलेले. त्यांनाही त्याने तीच पाजली.