हौदावरची पळी कोणाची

आमच्या सदाशिव पेठेतल्या हौदावर एके सकाळी एक लाकडी यंत्र उभे असलेले आढळले आणि त्यानंतर पेठेला दुसरा उद्योग उरला नाही.

यंत्र साधे होते. कठड्याला लागून वर दोन फाटे असलेला दुबेळक्याचा खांब, त्यावर आडवा दांडा, दांड्याच्या एका टोकाला कोरलेले लाकडी भांडे आणि दुसऱ्या टोकाला बांधलेला दगड. भांडे पाण्यात दाबायचे आणि सोडून द्यायचे. दगडाच्या वजनाने ते भरून वर येई आणि पन्हळीतून पाणी आपल्या घागरीत पडे. कोणाचीच घागर हौदात बुडत नसे. त्यामुळे 'तुमच्या घागरीचे शिंतोडे माझ्या सोवळ्यावर उडाले' हे रोजचे भांडण बंद पडले. बायका त्याला पळी म्हणू लागल्या.

करणाऱ्याने नाव सांगितले नव्हते. तेवढे काम पेठेने अंगावर घेतले. कोणी म्हणाले फिरंग्याचे डोके, कोणी म्हणाले भुताचे. शेवटी सगळ्यांचे बोट आमच्या शेजारच्या ज्योतिषीबुवांवर येऊन थांबले. पुरावा असा, की मुहूर्तासाठी ते घटिकापात्र पाण्यात सोडून बसतात, तेव्हा पाणी आणि भांडे यांचे ज्ञान त्यांनाच असणार. शिवाय आदल्या दिवशी ते हौदाकडे टक लावून उभे होते. बुवा रोजच कशाकडे तरी टक लावून उभे असतात, हे कोणी जमेस धरले नाही.

"अहो, मी नाही केले," बुवा म्हणाले.

"थोर माणूस असेच म्हणणार."

"मला खिळासुद्धा ठोकता येत नाही हो!"

"विनय पाहा!"

लोक मोडके रहाट घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. एकाने लंगडा पाट त्यांच्या ओसरीवर ठेवून दिला आणि दुसऱ्या दिवशी 'झाला का?' म्हणून विचारायला आला.

मी सरकारी फडातला हिशेबाचा कारकून. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. दांडा धरायची जागा किती उंचीवर आहे, दोरीच्या गाठी कोणत्या हाताने मारल्या आहेत, हे मी सहज पाहून ठेवले. करणारा ठेंगणा आणि डावखुरा होता. हौदावर येणाजाणाऱ्यांतून गाळत गाळत मी दोन नावांवर आलो. तोवर मलाही ती गंमतच वाटत होती.

मग बुवांच्या मुलीच्या सोयरिकीत खोडा पडला. वाईच्या घरी लग्न ठरत आले होते. तिकडून निरोप आला, 'मुलीचे वडील सुतारकी करतात असे ऐकतो. मुलाचे काका येऊन पाहतील, मग बोलू.' सुतारकीत कमीपणा काय, हे मला अजून कळलेले नाही. त्या काकांच्या घरालाही दारे असतीलच. पण मुलगी माझी नव्हती आणि लग्न मोडायला आले होते.

बुवांच्या पत्नी डोळे पुसत आमच्याकडे आल्या.

"भावोजी, तुम्ही मोजमाप केलंय म्हणतात. खऱ्याचं नाव सांगून टाका, माझी पोर सुटेल."

"वहिनी, माझ्याकडे दोन नावं आहेत. म्हणजे एक तरी चुकीचंच."

"मग दोन्ही सांगा!"

माजघरातून आमच्या मंडळींचा आवाज आला, "दोनच कशाला, चार सांगा. पेठेला वर्षाची बेगमी होईल."

वहिनीसुद्धा हसल्या. मी मनात हिशेब मांडला. चुकीचे नाव गेले असते, तर बुवांच्या ओसरीवरचा पाट दुसऱ्याच्या ओसरीवर गेला असता, एवढेच. बरोबर नाव जाणे त्याहून वाईट होते. ज्याने लपून केले त्याला लपण्याचे कारण असणार. 'याचा हात हौदाला लागलाच कसा?' असे उद्या एकाने जरी विचारले, तरी पळी उपटली गेली असती आणि तो माणूस पेठेतून उठला असता.

"नाव मागू नका," मी म्हणालो. "काकांना हौदावर आणा."

काका आले. अर्धी पेठही आली. पन्हळीची एक खुंटी ढिली झालेलीच होती. मी बुवांच्या हाती हातोडी दिली. "बुवा, एवढी बसवा."

बुवांनी हातोडीकडे वक्री शनीकडे पाहावे तसे पाहिले. पहिला घाव कठड्यावर बसला, दुसरा अंगठ्यावर. तिसऱ्याने पन्हळ चिरली, दांडा निसटला आणि पळी हौदात गेली.

"पुरे झाला विनय, बुवा!" एक म्हातारी ओरडली.

काकांना हसू आवरेना. "हे गृहस्थ सुतार असतील, तर मी गवंडी! मुहूर्त मात्र हातोडीने काढू नका हो." सोयरीक तिथेच पक्की झाली. संध्याकाळी शिंतोड्यांचे भांडणही पुन्हा सुरू झाले आणि लोक माझ्याकडे रागाने पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना हौदावर पहिला मीच गेलो. पळी उभी होती. खुंटी नवी, पन्हळ नवी. खाली लाकडाच्या ढलप्या पडल्या होत्या आणि ओल्या मातीत अनवाणी पावले उमटली होती. वीत टेकवली असती, तर माझ्या दोन नावांचे एक झाले असते. मी वाकलोही होतो. तेवढ्यात गल्लीत कोणाच्या तरी खडावा वाजल्या. मी भरलेली घागर त्या मातीवर ओतली. ढलप्या गटारात गेल्या आणि पावलांचा चिखल झाला.

रिकामी घागर पाहून घरी विचारणा झाली, "पळी अजून मोडलेलीच आहे का?"

"दुरुस्त झाली."

"कोणी केली?"

"चांगली केली आहे."

"इकडचा हिशेब प्रथमच अपुरा राहिला म्हणायचा," असे म्हणून तिने घागर माझ्या हाती परत दिली.

पुन्हा गेलो, तर हौदावर गर्दी जमली होती. पहाटे मी तिथे एकटाच वाकलेला दिसलो, हे सर्वांना कळले होते.

"मी नाही केले," मी म्हणालो.

"विनय पाहा!"

खरे ते मी एकदा सांगितले. पुन्हा सांगितले नाही. माझ्या दोन्ही मुली केव्हाच आपापल्या घरी सुखाने नांदत होत्या. दुपारी फडातून परतलो, तर तो लंगडा पाट आमच्या ओसरीवर येऊन बसला होता.