म्हातारीचं ऑइल

चार मास्तर रोज एकाच गाडीत बसून नांदेडहून कंधारला जायला लागले की किस्से गोळा करावे लागत नाहीत. डिकीतल्या जुन्या फडक्यांसारखे ते आपोआप साचतात. गाडी आणि स्टिअरिंग कदम सरांचं. सोबत गणिताचे शेख सर, विज्ञानाच्या वाघमारे मॅडम आणि भूगोलाचा मी. गाडीला आम्ही म्हातारी म्हणतो. तिच्या किलोमीटरचा काटा कधीच थांबलाय. किती पळाली असं विचारलं, की कदम सर म्हणतात, "बाईमाणसाचं वय विचारू नये." मॅडम गाडीत असल्या तर हेच वाक्य ते जरा हळू म्हणतात.

*

एकदा कदम सरांच्या पुण्यातल्या मुलानं त्यांना फोनवर पटवलं, की आता सिंथेटिक ऑइलच टाका, सगळ्या नव्या गाड्यांत तेच असतं. सरांनी एकदम पातळ, भारीतलं ऑइल टाकलं. म्हातारी अशी खडखड करायला लागली, की गावं यायच्या आधीच तिथली कुत्री उठून उभी राहायची!

शेवटी माधव मिस्त्रींकडं नेली. त्यांनी बॉनेटला कान लावला आणि म्हणाले, "सर, वय झालंय तिचं. पातळ चादरीनं भागत न्हाई आता. गोधडी द्या." दाट ऑइल पडलं आणि आवाज बसला. मुलाला हे अजून कळलेलं नाही. फोनवर तो विचारतो, सिंथेटिक कसं आहे? सर सांगतात, झकास.

*

स्टाफरूममध्ये ऑइलचा विषय निघाला की तास बुडालाच म्हणून समजा. आमचे मुख्याध्यापक सायकलनं येतात, पण ऑइल कोणतं टाकावं याबद्दल त्यांचंही ठाम मत आहे. शेख सरांचं म्हणणं मात्र एकच. एकदा एक ऑइल धरलं की त्यात दुसरं मिसळायचं नाही. "बिर्याणीत आमटी ओततं का कुणी?" असं ते विचारायचे. हे वाक्य लक्षात ठेवा.

*

कदम काकूंचं माहेर औशाचं, आणि बोलणं एक घाव दोन तुकडे. दर रविवारी त्या म्हणायच्या, "विका ती डबडी." शेवटी त्यांनीच जळकोटचं एक गिऱ्हाईक बोलावलं. सरांना ती विकायची नव्हती. गिऱ्हाइकानं ऑइल किती खाते असं विचारताच सर म्हणाले, "लई पिते हो. रोज सकाळी पाजावं लागतं, न्हाईतर जागची हलत न्हाई."

ही शुद्ध थाप होती. गिऱ्हाईक चहा अर्धा टाकून, नंबर देऊन गेलं. काकू कप उचलून आत गेल्या आणि त्या दिवशी सरांशी काही बोलल्याच नाहीत. गिऱ्हाईक घालवल्याचा राग असणार, असं सर आम्हाला सांगत होते.

*

आणि मग एक दिवस म्हातारीनं खरंच धूर सोडला. थोडाथोडका नाही, मागची एसटी दिसेना! सरांनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. "इंजिन गेलं," ते म्हणाले. "आता जळकोटवाल्याला फोन लावतो."

मला फार वाईट वाटलं. एसटीनं जाता येतं हो, पण एसटीत कदम सर नसतात.

*

भंगारात जायच्या आधी एकदा दाखवू म्हणून दुसऱ्या गाडीला टोचन लावून ती माधव मिस्त्रींकडं नेली. त्यांनी खालचा नट काढला आणि ऑइल पडायला लागलं, ते थांबेचना. घमेलं भरलं, दुसरं लावलं. "इंजिनाला काही झालं न्हाई, जादा ऑइल जळून धूर निघाला," ते म्हणाले. "पण हिला गळ्यापर्यंत कोण भरून राहिलं?"

शेख सर खोकले. रोज चहाला थांबतो तिथं त्यांनी डिपस्टिक बघितली होती, ऑइल कमी दिसलं म्हणून गुपचूप ओतलं. कोणतं? घरात होतं ते! मग मॅडमनीही मान खाली घातली. त्यांनीही तिथंच बघितलं, तिथंच ओतलं. बोलता बोलता त्यांनी कपाळाला हात लावला. चहाच्या टपरीपाशी चांगलाच उतार आहे. उतारावर ऑइल एका बाजूला सरकतं आणि डिपस्टिक खोटं बोलते. द्रवाची पातळी हा धडा त्या दरवर्षी आठवीला शिकवतात.

पण दोघांचं मिळूनही एवढं होईना. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला अजून बॉनेट उघडता येत नाही, त्यामुळं मी सुटलो.

*

संध्याकाळी म्हातारी ठणठणीत होऊन सरांच्या दारात उभी राहिली. काकू बाहेर आल्या. सरांनी हसत हसत सगळं सांगितलं, की ऑइल जास्त झालं होतं, कुणीतरी अजून ओतत होतं, कोण ते कळेना.

काकूंनी पायरीखालून ऑइलचा डबा काढला. रिकामा होता.

"तुम्हीच म्हणलात ना त्या माणसाला, रोज सकाळी पाजावं लागतं. तुम्ही तर तेव्हा अंघोळीला जाता, मग पाजणार कोण?"

सर म्हणाले, "अगं, पण तूच तर विका म्हणत होतीस."

"अजून म्हणते," काकू म्हणाल्या. "पण दारात हाय तोवर तहानलेली ठेवू का तिला?"